सफाईचा अपराध

कोणतीहि कलाकृति निर्दोष वठली कीं तिच्यांत जीव नाहीं असें म्हणण्याची एक चाल विद्वान् टीकाकारांत पडून गेली आहे. सुताराच्या हातून पाटाचा कोपरा चुकला तर मजुरी देतांना आपण कुरकुरतों. पण गवयाचा सूर किंचित् घसरला, वादकाचा ताल थोडा डळमळला, तर मात्र तेथेंच त्याचें अंतःकरण दिसलें असें समजून आपण माना डोलवितों. दोष हाच भावनेचा दाखला आणि सफाई हाच तिच्या अभावाचा पुरावा, असा हा विलक्षण न्याय आहे. हा न्याय ज्या एका कृतीला जवळजवळ पन्नास वर्षें लावण्यांत आला, तिची बाजू आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. ती कृति म्हणजे 'स्टीली डॅन' या अमेरिकन मंडळीचा 'एजा' हा अल्बम होय.

'एजा' या नांवाचा इंग्रजी उच्चार 'एशिया' या खंडनामासारखाच होतो. हा अल्बम १९७७ च्या सप्टेंबरांत 'एबीसी रेकॉर्डस्' या कंपनीनें प्रसिद्ध केला. त्याचे कर्ते दोघे. न्यू जर्सीचा डोनल्ड फेगन व न्यू यॉर्कचा वॉल्टर बेकर. हडसन नदीकांठच्या बार्ड कॉलेजांत १९६७ सालीं या दोघांची गांठ पडली. दोघांनाहि लहानपणापासून जाझचें वेड. पण पोट भरावयाचें तें रॉकवर. १९७२ सालीं पहिला अल्बम काढतांना त्यांच्यापाशीं इतरांसारखाच एक ठराविक बँड होता. १९७४ नंतर मात्र त्यांनीं गांवोगांव हिंडून जलसे करण्याचें सोडून दिलें, आणि ज्या गाण्याला जो वादक हवा तो बिदागी देऊन बोलवावयाचा व स्टुडिओंत बसून काम करावयाचें, अशी रीत धरली. निर्माता गॅरी कॅट्झ व ध्वनिमुद्रक रॉजर निकल्स हे या उद्योगांतले त्यांचे साथीदार. 'एजा' हें या रीतीचें पक्व फळ होय. गाणीं सात आणि एकंदर काळ सुमारें ४० मिनिटें. अमेरिकेंतल्या 'बिलबोर्ड'च्या यादींत तो ३ ऱ्या क्रमांकापर्यंत चढला. ध्वनिमुद्रणाच्या उत्कृष्टतेबद्दल त्यास ग्रॅमी पारितोषिक मिळालें. आणि २०११ सालीं 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'नें जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांत त्याचा समावेश जाहीर केला. परंतु खप आणि पारितोषिकें हा कांहीं आमचा आधार नव्हे. खपलेल्या व गौरविलेल्या पुष्कळ गोष्टी काळानें केरांत टाकलेल्या आहेत. आमचा वाद गुणावर आहे.

१९७७ हें साल मात्र ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत लंडनच्या 'सेक्स पिस्टल्स'चा अल्बम बाहेर पडला, आणि दोनतीन कॉर्ड, फाटका आवाज व धगधगीत संताप एवढ्याच सामग्रीवर गाणें उभें राहूं शकतें, हें 'पंक' म्हणविणाऱ्या तरुणांनीं सिद्ध करून दाखविलें. त्यांचा संताप खोटा होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण कोणत्याहि चळवळीमागून तिचे भाष्यकार येतात, आणि एक गोष्ट खरी ठरली म्हणजे तिच्या उलट असलेली दुसरी खोटी ठरविल्यावांचून भाष्यकारांना चैन पडत नाहीं. खडबडीत गाण्यांत भावना असूं शकते एवढेंच काय तें सिद्ध झालें होतें; घोटीव गाण्यांत ती असूंच शकत नाहीं, हें अनुमान भाष्यकारांनीं पदरचें जोडलें. तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठांतला विद्यार्थीहि असें करणार नाहीं. तेव्हांपासून 'एजा'ला थंड, निर्जीव, इस्पितळासारखा स्वच्छ, अशीं जीं विशेषणें चिकटलीं तीं चिकटलींच.

आतां ही सफाई आली कशी तें पाहूं. 'पेग' या गाण्याच्या मध्यें गिटारचा एक तुकडा आहे. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. या तुकड्यासाठीं एकामागून एक नामांकित गिटारवादक आले, वाजवून बिदागी घेऊन गेले, आणि त्यांचें वादन बाजूस ठेवण्यांत आलें. अखेर जे ग्रेडन याचें वादन पसंत पडलें. १९९९ सालीं या अल्बमविषयीं एक माहितीपट निघाला, त्यांत फेगन व बेकर यांनीं नापसंत तुकड्यांपैकीं कांहीं जुन्या फितींवरून ऐकविले आहेत. टीकाकार या हकीकतीकडे बोट दाखवून म्हणतात, 'पाहा हा यांत्रिक हट्ट!' आम्हांस तींत अगदीं उलट दिसतें. जे परत गेले ते कांहीं शिकाऊ नव्हते. त्यांचीं बोटें तयार होतीं, सूरतालाची त्यांना वाण नव्हती. यंत्राला जें पुरें पडलें असतें तें या दोघांना पुरें पडलें नाहीं, इतकाच याचा अर्थ. ग्रेडनच्या तुकड्यांत तार ताणून एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्याची जी लाडिक ओढ आहे, ती त्यांना हवी होती. मग हा शोध नुसत्या सफाईचा म्हणावयाचा कीं भावाचा? तयारीचें वादन नाकारून बोलकें वादन निवडणें यास यांत्रिकपणा म्हणावयाचें असेल, तर त्या शब्दाचा अर्थच बदलून घ्यावा लागेल.

त्याच गाण्याची दुसरी हकीकत याहून बोलकी आहे. बास गिटार वाजविणारा चक रेनी यास, तारेवर अंगठा आपटून वाजवूं नये, असें बजावण्यांत आलें होतें. गाण्याला तेंच हवें असें रेनीला वाटलें. तो मालकांकडे पाठ करून बसला आणि हवें तसें वाजवून मोकळा झाला. तें वादन गाण्यांत कायम राहिलें. हुकूम मोडून वाजविलेलें वादन हुकूम देणाऱ्यांनीं ठेवून घेतलें, कारण कानाला तें खरें लागलें. ज्यांना आपण हट्टी यंत्रचालक म्हणतों त्यांची ही वागणूक आहे!

शीर्षकगीताकडे पाहतां हा आक्षेप आणखीच लंगडा पडतो. गीत आठ मिनिटांचें. टेकडीवर राहणारा एक मनुष्य दूरचें संगीत ऐकतो, आणि बाहेरचा नाचरंग संपला म्हणजे एजा नांवाच्या स्त्रीकडे धांव घेतो, एवढाच विषय. शब्द थोडे व जाणूनबुजून अर्धवट ठेवलेले. मग शब्द थांबतात आणि वेन शॉर्टरचा टेनर सॅक्सोफोन बोलूं लागतो. शॉर्टर (मृत्यु २०२३) हा आर्ट ब्लेकीच्या मंडळींत तयार झालेला आणि १९६४ पासून माइल्स डेव्हिसच्या सुप्रसिद्ध पंचकांत वाजविलेला, जाझमधला पहिल्या प्रतीचा वादक व रचनाकार. अशा माणसास रॉकच्या तबकडीवर शोभेपुरतें चार सूर वाजवावयास सांगण्याचा मोह कोणालाहि झाला असता. येथें त्याला मोकळें रान दिलेलें आहे. प्रथम तो तुटक तुटक बोलतो, जणूं जागेचा अंदाज घेतो. मग खालून स्टीव्ह गॅडचे ड्रम उसळूं लागतात आणि दोघे एकमेकांस चढवीत नेतात. गाण्याच्या शेवटीं गायन पुन्हां येऊन गेल्यावर गॅड एकटाच त्या ठेक्यावर तुटून पडतो, आणि तो ऐन भरांत असतांनाच ध्वनि हळूहळू विरत जातो. हें वादन पूर्वी लिहून घोटून घेतलेलें नाहीं. तें उत्स्फूर्त आहे. तें इतकें खुलतें कां? त्याच्या भोंवतींची प्रत्येक वस्तु जागच्या जागीं बसविलेली आहे म्हणून. कोंदण घट्ट नसेल तर हिरा पडतो. कोंदणाच्या घट्टपणास कोणी हिऱ्याचा शत्रु म्हटल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं.

परंतु या अल्बमचें मर्म ज्यास पाहावयाचें असेल त्यानें 'डीकन ब्ल्यूज' हें साडेसात मिनिटांचें गाणें ऐकावें. त्यांतला नायक हा शहराबाहेरच्या वस्तींत राहणारा सामान्य मनुष्य. तो ठरवितो कीं आपण सॅक्सोफोन शिकूं, मनांत येईल तें वाजवूं, रात्रभर दारू पिऊं आणि मोटारीच्या अपघातांत मरूं. जगांतल्या जिंकणाऱ्यांना मोठमोठीं नांवें असतात, अलाबामाच्या फुटबॉल संघाला देखील भारदस्त बिरुद आहे. मग हरणाऱ्यांना एखादें नांव कां नसावें? म्हणून तो स्वतःस 'डीकन ब्ल्यूज' हें नांव घेतो. या मनुष्यास आपण हंसावें कीं त्याच्यासाठीं रडावें, हें गाणें सांगत नाहीं. त्याची भूल साधी आहे: जाझ वाजविणाऱ्याचें दुःख आणि त्याचें व्यसन आपल्या अंगीं आणलें कीं त्याची कलाहि आपल्या हातीं येईल, असें त्यास वाटतें. शिकण्याचीं मधलीं वीस वर्षें तो हिशेबांत धरीत नाहीं.

आणि त्याच्या या स्वप्नाचा आवाज, म्हणजे गाण्यांतला सॅक्सोफोन, कोणी वाजविला? पीट क्रिस्टलीब यानें. हा गृहस्थ 'टुनाइट शो' या टेलिव्हिजनवरच्या कार्यक्रमाच्या वाद्यवृंदांत नोकरीस होता. स्टुडिओंत येऊन, गाणें ऐकून, मोजक्या प्रयत्नांत वाजवून तो थोड्याच वेळांत निघून गेला. म्हणजे ज्या सुरासाठीं नायक घरदार सोडून बरबाद व्हावयास निघाला आहे, तो सूर वेळेवर कामास जाणाऱ्या एका तरबेज नोकरदारानें सहज काढून दिला! फेगन आणि बेकर यांना हा विरोध कळला नसेल असें मानणें कठीण आहे. आमच्या मतें तोच या गाण्याचा आशय होय. नायकाची तळमळ खरी आहे, पण तळमळीनें सूर लागत नाहीं. आणि ज्याला सूर लागतो त्याला नायकासारखी तळमळ मिरविण्याचें कारण नसतें. भावना व मेहनत यांमधली ही दरी ज्या अल्बमनें विषय म्हणून घेतली, त्यालाच मेहनतीबद्दल दोष देणारे टीकाकार त्या नायकाचेच भाऊबंद ठरतात.

येथें दुसरा एक आक्षेप पुढें येतो, आणि तो पहिल्याहून वजनदार आहे. जाझ ही अमेरिकेंतल्या कृष्णवर्णीयांची कमाई; गुलामगिरीच्या आणि अपमानाच्या पिढ्यांतून ती निघाली. ती दोन सुखवस्तु गोऱ्या तरुणांनीं उचलून आपल्या मालाला चकाकी आणावी हें न्याय्य काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याची टिंगल करणारांत आम्ही नाहीं. अमेरिकन करमणुकीच्या धंद्यांत अशी लूट पुष्कळ झाली आहे. मूळ कलावंत अज्ञात राहिला आणि नक्कल करणारा धनाढ्य झाला. पण लूट म्हणजे काय तें नीट ठरवावें. शॉर्टर, रेनी, ड्रमवादक बर्नार्ड पर्डी, पियानोवादक जो सँपल या कृष्णवर्णीय वादकांची नक्कल येथें केलेली नाहीं. त्यांनाच बोलाविलें आहे, आणि कोणत्या गाण्यांत कोणीं काय वाजविलें हें अल्बमच्या वेष्टनावर छापलेलें आहे. शिवाय बाहेरच्या माणसाला जाझ आपलासा वाटतो तेव्हां त्याच्या मनांत किती खोटेपणा दडलेला असतो, ही तक्रार टीकाकारांच्या आधीं 'डीकन ब्ल्यूज'नेंच करून ठेविली आहे. मजुरी आणि नफा यांची वांटणी सारखी झाली असें आम्ही म्हणत नाहीं. त्या धंद्यांत ती कोठेंच सारखी होत नसे. पण हें गाऱ्हाणें धंद्याविरुद्ध आहे. त्यानें या संगीताचें मोल उणें होत नाहीं.

तिसरा आक्षेप भेसळीचा. हें जाझहि नव्हे आणि रॉकहि नव्हे, धड ना इकडचें ना तिकडचें, असें दोन्ही पंथांतले सोंवळे लोक म्हणतात. जाझ तरी कोठें शुद्ध आहे? न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवरचे बँड, रॅगटाइम, ब्ल्यूज, देवळांतलीं भजनें यांच्या मिश्रणांतूनच तो जन्मला. आपल्याकडे तरी या आक्षेपास तोंड नाहीं. सी. रामचंद्रांनीं गोमंतकीय ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यास हाताशीं घेऊन 'अलबेला' (१९५१) चित्रपटांत जें केलें, त्यावर ज्यांनीं ठेका धरला त्यांनीं भेसळ या शब्दाचा उच्चार जपून करावा. मिश्रण झालें कीं नाहीं हा प्रश्नच नव्हे. दोन वस्तु एकत्र आल्यावर तिसरी कांहीं निपजली काय, हा खरा प्रश्न आहे.

'एजा'च्या बाबतींत ती निपजली, हें एका उदाहरणानें दाखवितां येईल. पाश्चात्य संगीतांतला सर्वांत सरळ स्वरमेळ म्हणजे आपल्या भाषेंत सा, ग, प हे तीन सूर एकदम वाजविणें. तो प्रसन्न, निःशंक वाटतो आणि रॉकचा बराचसा डोलारा त्यावरच उभा आहे. फेगन व बेकर यांनीं त्यांत रिषभ घातला. रे आणि ग एकमेकांस खेटून वाजूं लागले कीं प्रसन्नता जात नाहीं, पण तिच्यांत बारीकशी कसर उरते. हंसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत मध्येंच कांहीं दिसावें तशी. या स्वरमेळाला त्यांनीं 'म्यू मेजर' असें नांव दिलें, आणि तो त्यांच्या संगीताची खूणगांठ बनला. रॉकची सरळ वाट आणि जाझचा संशय या दोहोंची सांगड येथें चार सुरांत पडली आहे. 'एजा'मधल्या स्त्रीपुरुषांच्या मनाची अवस्था हीच आहे: सुखांत असून सुखाविषयीं साशंक. हा भाव ओरडून सांगतां येत नाहीं. वाद्यें थोडीं जरी विसंवादी लागलीं तरी रे-गची ती मुद्दाम ठेवलेली कसर इतर चुकांच्या गर्दींत हरवून जाईल. म्हणून सफाई! ती हौस म्हणून आलेली नाहीं. आशयाला तिची गरज होती.

येथवर शत्रूंचा समाचार घेतला. आतां मित्रांविषयीं दोन शब्द. 'एजा'चे कित्येक चाहते असे आहेत कीं ते तो ऐकतच नाहींत. नवा स्पीकर घेतला म्हणजे त्यावर तो लावून झांजेचा ध्वनि किती स्वच्छ उमटतो एवढें पाहतात. दुसरा वर्ग त्यास संध्याकाळच्या गप्पांमागची मंद झुळूक समजतो. २००५ सालीं इंटरनेटवरच्या एका विनोदी मालिकेनें त्या काळच्या गुळगुळीत गाण्यांना 'यॉट रॉक' असें थट्टेचें नांव दिलें, आणि श्रीमंतांच्या नौकेवर वाजविण्याच्या त्या सामानांत 'स्टीली डॅन'लाहि कोंबण्यांत आलें. हे मित्र आणि ते शत्रु यांचें मत मुळांत एकच आहे: येथें पृष्ठभागाखेरीज कांहीं नाहीं. एकानें त्यास नाक मुरडलें, दुसऱ्यानें मान डोलाविली, एवढाच फरक. शत्रूच्या निंदेपेक्षां या मित्रांच्या स्तुतीनेंच अल्बमचें अधिक नुकसान झालें असें आमचें मत आहे.

सर्वच कांहीं सारख्या तोलाचें आहे, असें मात्र कोणी समजूं नये. 'आय गॉट द न्यूज' हें गाणें चातुर्यानें भरलेलें असून मनाला धरीत नाहीं. फेगनचा आवाज नाकांतला व अरुंद आहे. मोठा गायक म्हणून त्याचें नांव कोणी घेणार नाहीं. पण एक गोष्ट लक्ष्यांत घ्यावी. एवढ्या निवडून आणलेल्या वादकांच्या मध्यभागीं हा असा आवाज ठेवलेला आहे. त्याच्या जागीं गोड गळ्याचा गायक आणणें त्यांना अशक्य नव्हतें. ज्यांना अपूर्णतेंतच माणूस दिसतो त्यांना ती अपूर्णता येथें अगदीं पुढ्यांत मांडलेली होती. त्यांनीं तिकडेहि पाहिलें नाहीं.

शेवटीं 'होम ॲट लास्ट' या गाण्याकडे लक्ष वेधून हा लेख पुरा करितों. पर्डीचा तो डुलता, अडखळल्यासारखा वाटणारा आणि तरी कधींच न अडखळणारा ठेका ज्यानें एकदां ऐकला त्याला निर्जीव या शब्दाचा विसर पडावा. गाण्याचा विषय होमरच्या महाकाव्यांतला आहे. जलकन्यांचें गाणें ऐकून खलाशी प्राणास मुकत. तेव्हां ओडिसियसनें सोबत्यांच्या कानांत मेण घातलें आणि स्वतःला डोलकाठीशीं बांधून घेतलें, म्हणजे गाणें ऐकतांहि येईल आणि गलबतहि पुढें जाईल. 'एजा'च्या कर्त्यांनीं ही कथा उगीच निवडलेली नाहीं. जाझच्या मोहांत 'डीकन ब्ल्यूज'चा नायक उडी घालावयास निघाला. या दोघांनीं स्वतःला बांधून घेतलें आणि तें गाणें अखेरपर्यंत ऐकलें. दोराचे वळ अंगावर उमटतात, हें बांधून घेणाऱ्यालाच ठाऊक.

ज्यांच्या कानांत भाष्यकारांनीं मेण घातलें आहे त्यांनीं तें काढावें, ४० मिनिटें मोकळीं करावीं, हातांतलें दुसरें काम बाजूस ठेवावें आणि हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा. त्यानंतरहि तो त्यांस थंड वाटला, तर आमचें कांहीं म्हणणें नाहीं. पण तो स्वच्छ आहे म्हणून थंड आहे, हें म्हणण्याचा अधिकार त्यांस पुन्हां राहणार नाहीं.